फियाट घरी रंगवताना : वाचकांचे प्रश्न, पेंटरची उत्तरं

जुन्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या वाचकांची पत्रं या सदराकडे सारखी येतात आणि त्यातली निम्मी तरी रंगाविषयी असतात. मी 1979 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात घासकाम करणारा पोरगा म्हणून लागलो. पुढची चाळीस वर्षं तिथंच गाड्या रंगवल्या, त्यात सगळ्यात जास्त फियाट. त्या अनुभवावर ही उत्तरं देतोय. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त लागणार, कारण त्या एका पत्रात अख्खी गाडी आहे.

वडिलांनी घेतलेली 1967 ची फियाट डिलाइट 1999 पासून गोठ्यात उभी आहे. वडील आता नाहीत. मी आणि मुलगा मिळून ती घरीच रंगवायची म्हणतोय. अंगण मोठं आहे, कॉम्प्रेसर भाड्यानं मिळतोय. गणपतीला गाडी दारात उभी असावी अशी फार इच्छा आहे. जुना रंग सगळा काढावा का? ड्युको मारावा की पीयू? गाडी मूळची फिकट हिरवी, मुलाला लाल हवीय. — निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, गणपतीपर्यंत रंग मारू नका. हे आधीच सांगतो, म्हणजे त्या तारखेचं ओझं डोक्यावरून उतरेल.

आपण ज्याला ड्युको म्हणतो तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा, हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव्य) मिसळून मारायचा रंग. ड्युको हे खरं तर अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या मालाचं नाव. 1920 च्या दशकात तो आला आणि जिथं गाडी ब्रशनं रंगवून वाळायला आठवडे जायचे, तिथं फवारून तासाभरात हात लावता येऊ लागला. तो इतका लवकर वाळतो कारण त्याचा थिनर झपाट्यानं उडतो. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी ओल्या रंगावर उतरतं. रंग पांढुरका पडतो. 1986 च्या जुलैत एका घरी लग्न होतं म्हणून मी काळी फियाट पावसात रंगवली. सकाळी शटर उघडलं तर गाडी राख फासल्यासारखी दिसत होती. सावकाश उडणारा थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, तो घालून वरून दोन हलके हात फिरवले. बॉनेट आणि टप सुधारले, दरवाजे परत घासावे लागले. लग्नाला गाडी गेली नाही. त्या घरच्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

तेव्हा रंग दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्याकडे हवा कोरडी असते. सकाळी दव पडतं, म्हणून दहानंतर सुरू करा आणि दुपारी तीनपर्यंत फवारायची गन खाली ठेवा, म्हणजे संध्याकाळच्या गारव्याआधी रंग वाळलेला असेल. मधले पावसाळ्याचे महिने फुकट जात नाहीत. खरं काम त्याच महिन्यांत आहे, कारण रंगाला स्वतःची जाडी जवळजवळ नसते. चांगला फवारलेला सगळा रंग वाळल्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतो. खाली जे असेल ते तो दाखवतो.

सुरुवात गाडीखालून करा. तुमच्या डिलाइटला, म्हणजे फियाट 1100 ला, ट्रकसारखी वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच उचलते. म्हणून दरवाजांखालच्या लांब पेट्या, फरशीचा पत्रा आणि मागच्या स्प्रिंगा जिथं बसतात त्या जागा गंजल्या असतील तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चटया, त्यांच्याखालचा डांबरी कागद, सगळं काढा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तर टोक टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथं पत्रा कापून नवा वेल्डिंगनं बसवायचा आणि ते काम चांगल्या डेंटरकडूनच करून घ्यायचं. गोठ्यात उभी होती म्हणून आणखी एक सांगतो. शेणामूत्राची वाफ पत्र्याला फार वाईट, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत दुप्पट बारकाईनं बघा. डिकीत स्टेपनीची जागा, हेडलाइटच्या मागची खोबण आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड, या तीन ठिकाणी मला न गंजलेली फियाट क्वचित सापडली. रबर काढल्याशिवाय ती कड दिसत नाही, म्हणून काचा उतरवाच.

मग एक साधं लोहचुंबक घ्या, त्यावर पातळ कापड गुंडाळा आणि बाहेरून सगळ्या पत्र्यावर फिरवा. जिथं ते चिकटायला कुरकुर करतं तिथं आधीच्या कुणीतरी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय. तिथं खडूनं गोल करा. ती सगळी लांबी खरवडून काढायची, कारण खाली काय झाकलंय ते आपल्याला माहीत नाही.

जुना रंग सगळा काढायचा का, तर नाही, जिथं तो घट्ट बसलेला आहे तिथं नाही. कारखान्यात बसलेला अस्तराचा थर शाबूत असेल तर त्याच्याइतकं चांगलं अस्तर आपण अंगणात देऊ शकत नाही. पण तो रंग कोणता आहे ते आधी ओळखा. कापसाला एनसी थिनर लावून कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. कापसाला रंग लागला तर जुना एनसी. रंग सुरकुतला, फुगला तर खाली इनॅमल आहे, म्हणजे मधे कुणीतरी स्वस्तात रंगवून घेतलीय. त्याच्यावर एनसी मारला तर तोही असाच सुरकुतणार, म्हणून इनॅमल पूर्ण उतरवावंच लागेल. काहीच झालं नाही तर पीयू.

पावसाळ्यात एका वेळी एकच भाग उघडा करा. आज डावं मडगार्ड घासलं तर आजच त्याला इपॉक्सी प्रायमर (पत्र्यावरचं पहिलं अस्तर) बसला पाहिजे. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबेरा दिसतो, आणि घामट हात लावला तर बोटांचे ठसेसुद्धा गंजून उमटतात. इपॉक्सी का, तर तो पाणी आत घेत नाही. नेहमीचं रेड ऑक्साइड किंवा राखाडी सर्फेसर (रंगाखाली घासून सपाट करायचं अस्तर) सच्छिद्र असतं. त्यावर गाडी महिनाभर पावसाळी हवेत ठेवली की ओल थेट पत्र्यापर्यंत जाते. आमच्या काळात इपॉक्सी सहज मिळत नव्हता, म्हणून आम्ही रेड ऑक्साइडवर कितीतरी गाड्या काढल्या आणि त्यातल्या बऱ्याच तीन-चार वर्षांत परत आल्या. इपॉक्सीचा हार्डनरही कातडीला आणि फुप्फुसाला वाईट, हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा. शेवटच्या रंगाआधी तो आठवडाभर पूर्ण पिकू द्या, नाहीतर वरचा एनसी थिनर त्याला उचलेल.

लांबी इपॉक्सीच्या वर. पोचे आधी ठोकून, ओढून बाहेर काढायचे. लांबी फक्त उरलेल्या उंचसखलपणासाठी, तीन मिलिमीटरच्या वर कुठंही नको. ती कोरडीच घासायची. पॉलिएस्टरच्या लांबीत भुकटी असते आणि ती पाणी पिते. पाणी लावून घासली की तेच पाणी वर्षभरानं रंगाखालून फोड होऊन बाहेर येतं. आधी 80 नंबरचा कागद, मग 180. कागद नुसता बोटांनी धरू नका, बोटांच्या रेघा पडतात आणि चकाकी आल्यावर त्या उन्हात दिसतात. सपाट जागी लाकडी ठोकळा. फियाटच्या मडगार्डची गोलाई मात्र लाकडाला जमत नाही. आम्ही रबरी स्लिपरचा तळवा कापून त्यावर कागद गुंडाळायचो, अजूनही त्याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

माझ्या उस्तादांनी एक गोष्ट शिकवली ती तुमच्या मुलाला शिकवा. घासून झालं की डोळे मिटायचे, तळहाताखाली धुतलेलं पातळ मलमलीचं फडकं घ्यायचं आणि पत्र्यावर लांबवर हात फिरवायचा, पुढं, मागं, तिरपा. डोळ्याला न दिसणारा खड्डा हाताला लागतो. फडक्यामुळं हात अडत नाही, नुसता आकार कळतो. पहिले आठ दिवस त्याला काही कळणार नाही. मग एका दिवशी कळायला लागेल. मला तीन महिने लागले होते.

सर्फेसरचे दोन-तीन हात दिल्यावर वरून काळ्या रंगाची अगदी विरळ धूळ फवारा आणि 400 च्या वॉटर पेपरनं ठोकळ्यावर घासा. उंच भागावरचं काळं निघून जातं, खोलगट जागी राहतं. काळं पूर्ण जाईपर्यंत तुमची गाडी रंगाला तयार नाही. काळं जायच्या आधीच पत्रा दिसू लागला तर घासणं थांबवा, तिथं परत भरायला हवं.

आता ड्युको की पीयू. तुमच्या अंगणासाठी एनसीच. पीयू जास्त टिकतो, पेट्रोल सांडलं तरी सोसतो, चकाकी लगेच येते, हे सगळं खरं. पण तो तासन्‌तास ओला राहतो आणि अंगणातली प्रत्येक चिलटं-धूळ त्यावर बसते. त्याच्या हार्डनरविषयी पुढच्या पत्रात लिहिलंय, ते दोघांनीही वाचा. एनसीमध्ये चूक झाली तर वाळल्यावर घासून तेवढ्याच जागी परत मारता येतो, नवीन थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. पहिल्यांदा गन धरणाऱ्याला ही सवलत हवीच. 1967 च्या गाडीला ती खोल, मऊ चकाकी शोभतेही. रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या. थिनर रंगाइतका ते दीडपट, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते खरं धरा. गन पत्र्यापासून वीतभर, मनगट न वळवता सगळा हात सरकवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्या पट्ट्यावर. पातळ सहा ते आठ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा आणि नळीवर पाणी अडवणारं फिल्टर लावा. आधी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर दोन दिवस हात बसवा.

शेवटी लाल की हिरवी. गाडी तुमची आहे, पण माझं मन हिरव्याकडं आहे. डॅशबोर्डच्या खाली, दरवाजाच्या रबराच्या आत, मागच्या सीटच्या पाठीमागं बघा. जिथं ऊन कधी पोचलं नाही तिथं तुमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी पाहिलेला हिरवा अजून तसाच असेल. तेवढी जागा कापडानं पुसून, हलकं पॉलिश करून, तिच्यावरून दुकानात मशिननं शेड जुळवून घ्या. कायद्याचाही विचार करा. रंग आरसी पुस्तकात लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. तुमची गाडी पन्नास वर्षांपुढची आहे आणि मूळ रूपात आहे, म्हणजे 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येते. बाजारहाटाला न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

माझे यजमान आमची 1985 ची पद्मिनी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पीयू रंगानं रंगवत आहेत. तोंडाला सुती रुमाल बांधतात. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. वास फारसा येत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही असं ते म्हणतात. बरोबर आहे का? — एक गृहिणी, डोंबिवली

ताई, बरोबर नाही. हे काम आजच थांबवायला सांगा.

पीयूच्या दुसऱ्या डब्यात जो हार्डनर असतो त्यात आयसोसायनेट नावाचं द्रव्य असतं. जो वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटला स्वतःचा असा वास जवळपास नसतो, धोका होण्याइतकं हवेत असलं तरी नाकाला कळत नाही. म्हणून 'वास येत नाही' हा भरवसा धरण्यासारखा नाही. फवारताना त्याचं धुकं होतं आणि ते सुती रुमालातून सरळ आत जातं. कुणाला पहिल्या महिन्यात काही होत नाही, कुणाला वर्षानुवर्षं होत नाही, आणि एक दिवस शरीर त्याला कायमचं वैरी मानतं. त्यानंतर थोडा जरी संपर्क आला तरी छाती आवळते, दम्याचा झटका येतो. हे उलटत नाही.

माझ्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलेला जोडीदार, माझ्याहून चांगला हात होता त्याचा. त्याला असंच झालं. आता तो गॅरेजच्या गल्लीतसुद्धा येऊ शकत नाही. आम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत.

चांगल्या रंगशाळेत पेंटर बाहेरून नळीनं ताजी हवा येणारा मास्क लावतो आणि बूथमधली, म्हणजे रंगवायच्या बंद खोलीतली, हवा पंख्यानं गाळून बाहेर काढली जाते. पार्किंगमध्ये यातलं काही होणार नाही. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटारीचा स्विच असतो. एक ठिणगी पुरते.

यजमानांची मेहनत वाया जाणार नाही. पत्र्याचं, लांबीचं, घासण्याचं सगळं काम त्यांनी तिथंच करावं, धुळीचा मास्क लावून. गाडी तयार झाली की रंगापुरती बूथ असलेल्या गॅरेजात न्यावी. पुष्कळ गॅरेजवाले तयार करून आणलेली गाडी नुसती रंगवून देतात आणि मजुरीचा मोठा भाग घासकामाचाच असल्यामुळं खर्च बराच कमी येतो. उरलेला हार्डनर घरात ठेवू नका. ओल लागलेल्या हार्डनरमध्ये वायू तयार होतो आणि बंद डबा फुगून फुटू शकतो. तुमच्या यजमानांना काम करताना किंवा त्या रात्री खोकला, छातीत घरघर झाली असेल तर डॉक्टरांना 'पीयू रंग फवारला' हे शब्द सांगून दाखवा, नुसती सर्दी म्हणून सांगू नका.

दीड वर्षापूर्वी पद्मिनी रंगवून घेतली. आता दरवाजांच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर वाटाण्याएवढे फोड आलेत. वॅक्स लावत राहिलो तर थांबतील का? — एक वाचक, रत्नागिरी

वॅक्सनं थांबणार नाहीत. एक फोड सुईनं फोडून बघा. नितळ पाणी निघालं आणि खाली अस्तर दिसलं तर लांबीत किंवा सर्फेसरमध्ये ओल अडकली होती. तांबूस पाणी आणि खाली काळपट पत्रा दिसला तर गंज आतून आलाय. दरवाजाच्या तळाशी असेल तर मी न बघताही दुसरं म्हणेन. दरवाजाच्या काचेवरचं पावसाचं पाणी आत उतरतं आणि तळातल्या भोकांतून बाहेर जायला हवं. रंगवताना ती भोकं लांबीनं बुजवून टाकलेली मी शेकडो गाड्यांत पाहिली आहेत. खाली वाकून बघा आणि आधी ती तारेनं मोकळी करा, हे आजच.

मग आतलं पॅड काढून दरवाजाचा तळ खरवडा, धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. जिथं खड्डे पडलेत पण भोक नाही तिथं फॉस्फरिक आम्लाचा गंजरोधक लावून, पुसून, इपॉक्सी द्या. भोक असेल तर पत्रा बदला. बाहेरचा रंग झाल्यावर आतल्या पोकळीत वॅक्स फवारून घ्या, वॅक्स तिथं उपयोगी आहे. तुमच्याकडं खारं वारं आहे, म्हणून आठवड्यातून एकदा कमानींच्या आतून गोड्या पाण्याचा पाइप मारत जा.

आमच्या गाडीवर एनसी रंग मारून तीन आठवडे झाले. चकाकी येत नाहीये आणि संत्र्याच्या सालीसारखं दिसतंय. रबिंग कधी करायचं? पाहुणे येणार म्हणून सिलिकॉनचं पॉलिश मारलं तर चालेल का? — एक वाचक, संभाजीनगर

तीन आठवड्यांत रंग घासण्याजोगा झालाय. अंगठ्याचं नख कोपऱ्यात दाबून बघा. ठसा उमटत नसेल तर सुरू करा. 1000 नंबरचा वॉटर पेपर तासभर पाण्यात भिजवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि ठोकळ्यावर हलक्या हातानं. पाणी पुसलं की साल जिथं राहिलीय तिथं चमकते ठिपके दिसतात, सगळीकडं सारखं मंद दिसेपर्यंत चालवा. मग 1500, मग 2000. बॉनेटच्या, दरवाजांच्या कडांना आधीच चिकटपट्टी लावून ठेवा, कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत अस्तर उघडं पडतं. कडा शेवटी नुसत्या हातानं. त्यानंतर रबिंग कंपाउंड, सुती फडक्यानं, हातभर जागेत एका वेळी. रंग मेटॅलिक असेल आणि वरून क्लिअर (पारदर्शक थर) नसेल तर मात्र कागद लावू नका, चांदीचे कण उघडे पडून डाग दिसतात.

सिलिकॉनचं पॉलिश आता मारू नका. रंगाला श्वास घ्यायला अजून महिना-दोन महिने द्या, थिनर पूर्ण निघून जायचा आहे. आणि रबिंग करताना कुठं रंग संपून परत फवारायची वेळ आली तर सिलिकॉन लागलेल्या जागी रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. पाहुण्यांसाठी गाडी नुसती धुवा आणि सावलीत उभी करा.

(पुढच्या अंकासाठी क्रोमच्या बंपरविषयीचे प्रश्न पाठवा. बंपरच्या आतल्या बाजूचा एक फोटो आवर्जून जोडा.)